पाण्यातला जंजिरा

आमच्या घरात रंग आले ते टीव्हीतून नव्हे, फिशटँकमधून. १९८२च्या एशियाडच्या निमित्तानं दूरदर्शन रंगीत झालं खरं, पण डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत शटरवाला कृष्णधवल संचच होता. त्याच्या पडद्यावर बाबांनी फेरीवाल्याकडून घेतलेला तिरंगी प्लास्टिकचा कागद चिकटवला होता. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. आभाळ आणि शेत दाखवलं की शोभून जायचं. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ मात्र निळं आणि हनुवटी हिरवी. त्या टीव्हीला लागूनच टँक होता. माणसं छायागीत बघायला यायची आणि मान वळवून गप्पी मासे बघत बसायची.

टँक धाकट्या काकाचा. काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होता, तेव्हा अविवाहित होता, आणि त्याचे दोन्ही हात सतत काहीतरी करायला मागायचे. भाद्रपदात गणपतीचं मखर, अश्विनात आम्हा मुलांचा किल्ला. दोन्हींचं दुःख एकच, सण सरला की सगळं मोडायचं. दीड दिवसांनी मखर माळ्यावर, तुळशीचं लग्न लागलं की किल्ल्याची माती परत कुंड्यांत. मोडावी लागणार नाही अशी एखादी सजावट घरात असावी, एवढ्याच हट्टापायी तो माशांकडे वळला, असं माझं मत आहे. मासे त्याला आवडत, पण मखरातला गणपती जसा आधी ठरलेला आणि आरास हौसेची, तसंच काहीसं ते होतं. आधी डोक्यात देखावा, मग त्यात राहायला कोण येणार याचा विचार.

लोखंडी अँगलचा सांगाडा त्यानं स्वतः वेल्डिंग करून आणला. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. तळाला कडप्पा, चारी बाजूंना काच, आणि काच बसवायला खिडकीच्या तावदानांना लावतात ती खडूची भुकटी नि अळशीच्या तेलाची पुट्टी. सिलिकॉन सीलंट हा प्रकार आमच्या गावीही नव्हता. घनफुटात २८ लिटरच्या वर पाणी मावतं. म्हणजे आमच्या टँकमध्ये नुसतं पाणीच ५६ किलोचं, वर खडी आणि दगड. एवढं ओझं पेलायला आईचं शिलाई मशीनचं टेबल त्यानं मागून पाहिलं. मिळालं नाही. मग मशीनचं टेबल कारखान्यातल्या भंगारातून आणखी अँगल आणून हुबेहूब बनवलं, आणि आईला ते तिच्या टेबलापेक्षा बरं वाटलं, हा भाग वेगळा.

पुट्टीच्या टँकचा एक स्वभाव असतो. भरलेला असतो तोवर पाण्याच्या दाबानंच काच पुट्टीवर घट्ट बसते. एकदा का तो पूर्ण रिकामा होऊन वाळला, की पुट्टीला भेगा पडतात आणि पुन्हा भरल्यावर कोपऱ्यातून धार लागते. त्यामुळे सजावट बदलायची ती अर्ध्या पाण्यात, बाही खांद्यापर्यंत दुमडून. रविवारी दुपारी जेवणं झाली की काका तसा उभा राहायचा आणि बाकीचं घर लांबून सूचना करायचं. ‘जरा डावीकडे.’ ‘अरे, तुझ्या डावीकडे नाही, माशांच्या.’

समोरच बिल्डिंगचं काम चालू होतं. त्या काळी डोंबिवलीत कुणाच्याही घरासमोर ते चालूच असे. तिथल्या ढिगातून काकानं वाळू आणली आणि ती आईच्या गव्हाच्या चाळणीनं चाळली. चाळणी हा मग अनेक वर्षं पुरलेला विषय. वर राहिली ती ज्वारीच्या दाण्याएवढी खडी टँकला, खाली पडलेली बारीक वाळू परत ढिगात. बारीक वाळू घट्ट बसते, तिच्यातून पाणी फिरत नाही आणि खालच्या जाळीचा फिल्टर चोंदतो. खडी मोरीत बादलीनं धुवायची. पहिल्या पाण्यात चहा दिसायचा, मग ताक, मग हळूहळू बादलीचा तळ. त्या बाबतीत काका आमच्यावर विश्वास टाकायचा नाही. स्वतः उकिडवा बसून धुवायचा.

तळ मागे उंच आणि पुढे उतरता हवा, हे त्याला तारापोरवाला मत्स्यालयात उमगलं होतं. मरीन ड्राइव्हवरची ती इमारत १९५१ची, एका पारशी दात्याच्या देणगीतून उभी राहिलेली, उद्‌घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. चर्नी रोडला उतरून आम्ही मुलं धावत कासवाकडे जायचो आणि काका मात्र मासा सोडून मागचा दगड बघत उभा राहायचा. दगडाला सावली कुठून पडलीय, पंपाची नळी कुठे लपवलीय, तळ किती तिरका आहे. उतारामुळे फूटभराची खोली दीड फुटाची भासते आणि माशांची घाण घसरत पुढच्या काचेशी येते, म्हणजे नळीनं ओढून काढायला सोपी. त्यानं तिथं खिशातल्या लोकलच्या तिकिटामागे टँकचं चित्र काढलेलं मला आठवतं. नेमकं परतीचं तिकीट होतं. व्हीटीच्या फलाटावर तपासनीसानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि काही न बोलता परत दिलं.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकांकडे आमच्याहून मोठा टँक होता. त्यात पांढरीशुभ्र संगमरवरी खडी, गुलाबी प्लास्टिकची झाडं आणि मागे प्रवाळबेटाचं पोस्टर. म्हणजे पुढे गोड्या पाण्यातले गप्पी आणि मागे साता समुद्रांपलीकडचं खारं पाणी. काका तिथून आला की अस्वस्थ असायचा. पांढऱ्या तळावर मासे फिके पडतात, असं तो म्हणायचा, आणि ते खरंच आहे. खालचा उजेड वर आला की बरेच मासे अंगाचा रंग आवरून घेतात, काळसर तळावर तेच मासे गडद होतात. म्हणून आमच्या टँकच्या वाळूत काळी खडी मिसळली गेली. दगड टिटवाळ्याहून आणलेले. गणपतीचं दर्शन झालं की आम्ही नदीवर जायचो आणि येताना प्रसादाच्या पिशवीत दगड. ते घरी आले की आजी त्यांवर लिंबू पिळायची. फसफसलं तर दगडात चुना आहे, तो पाण्यात उतरणार, पाणी जड होणार. आपला काळा दगड बिचारा लिंबालाही दाद देत नाही. अलिबागहून आणलेले शंख मात्र तडतड फसफसले. मोली जातीच्या माशांना असलं चुन्याचं पाणी मानवतं, पण काकानं शंख बाद केले ते केलेच. आजीला वाईट वाटलं. लिंबू फुकट गेलं याचंही.

झाडं आत्याकडून. आत्या तेव्हा बीएस्सीला होती आणि विषय वनस्पतीशास्त्र. तिनं हायड्रिला आणली, शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रात नरसाळं उलटं घालून प्राणवायूचे बुडबुडे दाखवतात ना, तीच. सकाळचं ऊन गॅलरीतून टँकवर आलं की तोडलेल्या दांड्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर सुटायची आणि आत्या सगळ्यांना बोलावून दाखवायची. बाबा दाढीचा फेस तसाच ठेवून यायचे. हायड्रिलाबरोबर गोगलगाई आल्या, त्या कायमच्या राहिल्या. एकदा चतुराचं पिल्लू आलं आणि त्यानं गप्पीची नवी प्रजा दिवसाढवळ्या फस्त केली. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात आणि इतकी हिंस्र असतात हे तोवर काकाला ठाऊक नव्हतं. आत्याला होतं. पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग हळूहळू घरातला प्रत्येक जण टँकमध्ये काहीतरी टाकू लागला. आजीनं करवंटी दिली. अर्धी करवंटी पालथी घालून कडेला एक भोक पाडलं की माशांना दडायला गुहा होते. पण आधी ती कित्येक दिवस भिजत घालावी लागते, नाहीतर पाणी चहाच्या रंगाचं होतं. दिवाळीत न वापरलेल्या चार पणत्या उरल्या होत्या, त्याही गेल्या. भाजलेल्या मातीचं पाण्याशी वाकडं नसतं. आईनं बरेच दिवस अंग राखून घेतलं होतं, पण एका वसुबारसेला माहेरहून आलेल्या लोणच्याच्या बरणीचं झाकण फुटलं, आणि रिकामी बरणी धुऊन ती स्वतःच घेऊन आली. पांढरी, वर तपकिरी गळपट्टी. आडवी टाकली, तोंड पुढच्या काचेकडे. बाबा याबाबतीत अवाक्षर बोलत नसत. एक दिवस ऑफिसातून येताना त्यांनी खिशातून प्लास्टिकचा नारिंगी पाणबुड्या काढला. त्याच्या पाठीला नळी जोडली की तोंडातून बुडबुडे यायचे. काकाच्या चेहऱ्यावर ‘हे माझ्या टँकमध्ये?’ असं स्पष्ट उमटलं. पण मोठा भाऊ. पाणबुड्या गेला.

आणि मग जंजिरा.

त्या वर्षी आम्हा मुलांचा दिवाळीचा किल्ला गॅलरीत होणार नाही असं ठरलं, कारण गॅलरीला ग्रिल बसत होतं आणि तिथं वाळू-सिमेंट पडलेलं. काका म्हणाला, किल्ला टँकमध्ये करू. आम्ही नाचलो. समुद्रातला किल्ला हवा म्हणून सिंधुदुर्ग. आजोबा आरामखुर्चीत होते. पोस्टातून निवृत्त झालेले, वाचनालयातून आणलेल्या इतिहासाच्या जाडजूड पुस्तकांवर डोळ्यांचे नंबर वाढवून घेतलेले.

‘महाराजांचा किल्ला पाण्याखाली घालणार?’ त्यांनी चष्मा काढला.

‘नाना, समुद्रातलाच आहे ना तो.’

‘समुद्रात आहे. समुद्राखाली नाही. कुरटे बेटावर आहे. १६६४ साली चिरा बसवला तो बुडवायला?’

काका निरुत्तर. पाण्याची पातळी खाली आणावी म्हटलं, तर एंजल मासा उंच असतो, त्याला पाणी हवं. किल्ला टँकबाहेर डोकावेल एवढा उंच केला, तर वरचं झाकण बसत नाही. दोन दिवस घरात हाच प्रश्न. अखेर आजोबांनीच तोडगा काढला, आणि तो देताना ते फार खुशीत होते. ‘जंजिरा करा. सिद्द्याचा. तो बुडाला तर मला काही म्हणायचं नाही.’

मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेला हा किल्ला महाराजांच्या हाती लागला नाही. त्यासाठी त्यांनी समोर पद्मदुर्ग उभारला, संभाजीराजांनी १६८२ मध्ये खाडी दगडांनी बुजवून सेतू बांधायचा प्रयत्न केला, तरी तो सिद्दीकडेच राहिला, थेट संस्थानं विलीन होईपर्यंत. हे सगळं आजोबांनी आम्हाला सिमेंट कालवलं जात असताना सांगितलं. आणि जे कुणाला जमलं नाही ते आमच्या घरी रविवारी दुपारी होणार होतं. जंजिरा पाण्याखाली जाणार होता.

कोंबडीच्या जाळीचा सांगाडा, त्यावर सिमेंट. बुरुजांना पावडरचे रिकामे डबे साचा म्हणून. तोफांच्या जागी पेन्सिलीनं भोकं. खऱ्या जंजिऱ्याचं महाद्वार दुरून दिसत नाही, होडी अगदी जवळ नेली की बुरुजांआडून एकदम समोर येतं. आजोबांनी ते सांगितलं आणि काकानं दरवाजा असा कोनात बसवला की पुढच्या काचेतून कितीही वाकून बघा, सापडणार नाही. किल्ल्यात गोड्या पाण्याचे तलाव आहेत म्हणून आत दोन खळगे केले. आमच्याकडे आतबाहेर सगळंच गोडं पाणी असल्यामुळे ते तलाव पाण्यात गेल्यावर नुसते खड्डे राहिले, पण आजोबांना ते हवेच होते.

ताजं सिमेंट सरळ टँकमध्ये टाकलं तर त्यातला चुना पाण्यात उतरून मासे मरतात. त्यामुळे जंजिरा आधी मोरीतल्या बादलीत. रोज पाणी बदलायचं, आणि पाणी तर सकाळी तासभर येणारं. आई म्हणायची, माणसांना आंघोळीला नाही आणि सिद्दीला रोज नवं. आत्या कॉलेजातून लिटमस कागद आणायची. तांबडा कागद बुडवला की निळा. दिवाळी आली आणि गेली, किल्ला बादलीतच. तुळशीचं लग्न झालं. मार्गशीर्षात कधीतरी कागद तांबडाच राहिला, आणि आत्यानं तो कागद हळदीकुंकवाच्या ताटातून सुपारी फिरवावी तसा घरभर फिरवून दाखवला.

क्रॉफर्ड मार्केटला नवे मासे आणायला मी काकाबरोबर गेले होते. पक्षी, सशांची पिल्लं, भुंकणं आणि या सगळ्यात ओळीनं टांगलेल्या पाण्याच्या पिशव्या, रबरानं तोंड बांधलेल्या. काकाला निऑन टेट्रा हवे होते. अमेझॉनच्या खोऱ्यातला तो मासा, १९३६ मध्ये त्याला विल्यम इनेस या अमेरिकन मत्स्यशौकिनाचं नाव दिलं गेलं, असं काकाच्या एका इंग्रजी पुस्तकात होतं. दुकानदारानं भाव सांगितला तेव्हा काका पुस्तक वाचलं नसल्यासारखा झेब्रा माशांकडे वळला. झेब्रा मासा खरा आपल्याकडचा. गंगेच्या खोऱ्यातले मासे अभ्यासणाऱ्या हॅमिल्टननं १८२२ मध्ये त्याची नोंद केली. पण तोही परदेशी म्हणून विकला जात होता आणि आम्हीही परदेशी म्हणूनच घेतला. एंजलची जोडी घेतली. परतीच्या कल्याण लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. काकानं पिशवी डोक्यावर धरली आणि कुणीतरी ओरडलं, ‘मासे आहेत, मासे!’ ठाण्यापर्यंत त्या पिशवीभोवती हातभर जागा रिकामी राहिली. दोन गृहस्थ कामाची फाइल बंद करून माशांचा श्वास मोजत होते.

घरी आल्यावर पिशवी तशीच टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, दोन्ही पाण्यांची ऊब एक होईस्तोवर. मग सोडायचे. एंजलनी पाणबुड्याला वळसा घातला, बरणीत डोकावले, आणि झेब्रे मात्र सरळ जंजिऱ्यामागे जाऊन महाद्वारातून आत. आम्ही इतके दिवस घरात राहत होतो आणि आम्हाला काचेतून दरवाजा दिसत नव्हता, त्यांना पहिल्या फेरीत सापडला. आजोबांनी पाणबुड्याला सिद्दीचा पहारेकरी नेमलं आणि तो झोपला आहे असं जाहीर केलं.

हिवाळ्याचं ऊन तिरकं आत यायला लागलं तसं बुरुजांवर शेवाळ धरलं. काका आधी वैतागला, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासायला निघाला, मग थांबला. सिमेंटचा करडा ठोकळा होता तो तीनशे वर्षांचा दिसायला लागला होता. असा रंग त्याला कुठल्याही मखरात साधला नव्हता. पुढची काच तेवढी साफ ठेवायची, किल्ल्याला हात लावायचा नाही, असं ठरलं.

आणि एक दिवस एंजलच्या जोडीनं समुद्राकडचा बुरूज तोंडानं घासूनपुसून स्वच्छ केला आणि त्यावर ओळीनं अंडी घातली. एंजल मासे अंडी उभ्या पृष्ठभागावर घालतात आणि नरमादी दोघंही पाळीपाळीनं पंखांनी वारा घालत राखण करतात. आजीनं हे पाहिलं आणि घरात बाळंतीण आली. टीव्हीचा आवाज कमी. टँकवर माझा जुना फ्रॉक पडदा म्हणून. काकाला रात्री उशिरा आल्याबद्दल बोलणी. तिसऱ्या दिवशी सकाळी बुरूज मोकळा. दुसऱ्या माशांनी खाल्ली की खुद्द आईबापांनी, कळलं नाही. तसंही होतं, असं काकाचं पुस्तक म्हणत होतं. आजीनं एंजलांशी बोलणं टाकलं. दाणे तेवढे टाकायची, पण न बघता.

त्या टँकची आठवण निघाली की मला सगळ्यात आधी पंपाची घरघर ऐकू येते. पंप भिंतीला खिळ्यावर टांगलेला, पाण्याच्या पातळीच्या वर, कारण लाइट गेले की नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. लाइट जायचेच. मग पाण्यात हवा घालायला तांब्यानं पाणी उंचावरून ओतायची पाळी आम्हा मुलांवर. मेणबत्तीच्या उजेडात जंजिऱ्याची सावली मागच्या भिंतीवर टीव्हीपेक्षा मोठी पडायची, आणि नेमकं तेव्हाच आजोबांना पद्मदुर्गाची गोष्ट पुन्हा सांगायची असायची. महिन्याकाठी बदललेलं जुनं पाणी गॅलरीतल्या मोगऱ्याला. तो मोगरा इतका फुलला की शेजारच्या बायका गजऱ्यांसाठी सांगून ठेवायच्या.

जागा बदलली तेव्हा टँक रिकामा करावा लागला. पुट्टीनं आपला स्वभाव दाखवला आणि नव्या घरात तो दोन कोपऱ्यांतून गळला. तोवर काकाचं लग्न झालं होतं. जंजिरा गॅलरीत मोगऱ्याच्या कुंडीशी बरीच वर्षं होता, पुढे बिल्डिंग पाडली त्या राड्यारोड्यात गेला असावा.

गेल्या भाऊबीजेला पुण्याला भाच्याकडे गेलो. काका आता सत्तरीपार, काठी घेऊन चालतो, पण आला. भाच्याच्या हॉलमध्ये चार फुटांचा टँक आहे, कडेला कसलाही सांगाडा नसलेला, काच आहे की नाही असा. आत कार्बन डायऑक्साइडची बारीक फवार सोडणारी नळी, मऊ हिरवळीची टेकडी, तीन दगड, आणि एकाच जातीचे निऑन टेट्रा, थव्यानं वळणारे. ही सगळी रीत ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारानं रुजवली, १९९२ पासून त्याची पुस्तकं आली. २०१५ मध्ये तो गेला, त्या वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्यानं ४० मीटर लांबीचं पाण्यातलं जंगल उभं केलं होतं. भाचा हे सगळं छान सांगत होता आणि टँक खरोखर देखणा होता. मला मनातून वाटत होतं की यात बरणी कुठं ठेवणार. कुणी ठेवूच देणार नाही. भाच्याची बायकोसुद्धा काचेपासून एक हात लांब उभी होती, संग्रहालयात उभं राहावं तशी. आत्यानं मात्र वाकून बघितलं आणि विचारलं, ‘पाणबुड्या नाही बसवलास रे?’

भाचा हसला. काका काही बोलत नव्हता. बराच वेळ दगड बघत होता, मग सावली कुठून पडलीय ते बघायला बाजूला सरकला. ‘दगड झकास आहेत,’ तो म्हणाला. ‘कुठले?’

‘ऑनलाइन मागवले, आजोबा. बाहेरून येतात. किलोवर मिळतात.’

‘किलोवर?’

भाच्यानं आकडा सांगितला. काकानं काठी दुसऱ्या हातात घेतली. जेवताना गप्पच होता. बासुंदी दोनदा घेतली, तीही गप्पच. परतीच्या वाटेवर डुलकी काढत होता. बोरघाटात काळ्या कातळाच्या भिंती रस्त्याच्या कडेनं वर चढायला लागल्या तसा जागा झाला आणि खिडकीची काच खाली करून बाहेर बघायला लागला.

‘किलोला काय भाव म्हणाला गं तो?’